दुसरी वेलांटी

१

एकोणीस वर्षं त्या एकाच अंधाऱ्या खोलीत बसत होत्या आणि दवाखान्यात सगळे त्यांना फोटोबाई म्हणत. त्याचं त्यांना काही वाटत नसे. आपण लग्नाचे फोटो काढत नाही, हे मात्र दर महिन्याला कुणाला तरी समजावून सांगावं लागे. त्या काढत ते डोळ्याच्या आतल्या पडद्याचे फोटो. हनुवटी इथे टेकवा, कपाळ पुढे, हिरव्या फुलीकडे बघा, पापणी मिटू नका, मिटलीत तर पुन्हा करावं लागेल आणि मग मला दोष देऊ नका. एवढं एका दमात बोलून झालं की फ्लॅश पडायचा आणि बाहुलीच्या मागची ती नारिंगी गोल दुनिया स्क्रीनवर यायची. मधोमध जरा बाजूला पिवळसर चकती, आणि तिच्यातून निघून चहूकडे फाटे फुटत गेलेल्या लाल वाहिन्या.

शनिवारी सकाळी त्यांनी खोलीचं कुलूप उघडलं तेव्हा मशीनची हनुवटीची पट्टी वर होती.

रोज निघताना फोटोबाई ती पार खाली आणून ठेवत. आज ती उभ्या दांड्यावरच्या निळ्या रेघेपाशी होती. थोडी अलीकडे नाही, थोडी पलीकडे नाही. ती रेघ फोटोबाईंनीच कधीकाळी पेनाने ओढली होती, एका उंच माणसासाठी. पुसली म्हणून पुसली जात नव्हती, आणि खरं सांगायचं तर त्यांनी फार जोर लावून पुसलीही नव्हती.

झाडलोट करणाऱ्या मावशी बादली घेऊन बाहेरून चालल्या होत्या. फोटोबाईंनी विचारलं, "मावशी, माझ्या मशीनला हात लावलात का?"

"मी? मागे एकदा नुसतं कव्हर सरळ केलं तर आठवडाभर बोलत होतात. मला काय हौस आहे होय?"

फोटोबाईंनी पट्टी खाली आणली. चाक ढिलं झालं असेल. पण ढिलं चाक खाली घसरतं, वर चढत नाही, हे त्यांच्या लगेच लक्षात आलं आणि ते लक्षात आलं नसतं तर बरं झालं असतं, असंही वाटलं. मग पहिला पेशंट आला आणि त्या कामाला लागल्या.

२

तो उंच माणूस म्हणजे त्यांचे बाबा. छापखान्यात मुद्रितं तपासण्यात त्यांचा उभा जन्म गेला. भांडताना समोरच्याने शब्द चुकीचा वापरला, तर भांडण तेवढ्यापुरतं थांबवून चूक सुधारायची आणि मग पुढे भांडायचं, अशी त्यांची रीत. साखरेच्या आजाराने डावा डोळा गेला तेव्हा म्हणाले, "एक पुरे आहे. मजकूर काही दोन डोळ्यांना वेगवेगळा दिसत नाही."

उजव्या डोळ्याचे फोटो लेकच काढायची. प्रत्येकाच्या पडद्यावरच्या वाहिन्यांची नक्षी वेगळी असते, अंगठ्याच्या ठशासारखी. बाबांच्या उजव्या डोळ्यात चकतीतून निघालेली एक शीर वर चढून सुरेख वळली होती. पहिल्यांदा स्क्रीनवर पाहिलं तेव्हा ते हरखून म्हणाले, "अगं, ही वेलांटी आहे! आणि दुसरी. पहिली म्हणशील तर मार्क कापीन." पुढे प्रत्येक वेळी फ्लॅश पडला की हनुवटी न हलवता दातांतल्या दातांत विचारायचे, "छापलं?" लेकीने "छापलं, बाबा" म्हटल्याशिवाय उठायचे नाहीत.

शेवटचा फोटोही शनिवारचाच, जेवणाच्या सुट्टीतला. बाहेर केसपेपरची रांग दारापर्यंत आली होती. घरच्या माणसाला कशाला रांगेत उभं करायचं, म्हणून फोटोबाईंनी त्यांना सरळ आत घेतलं. केसपेपर नाही म्हणजे नावाची फाइल उघडता येत नव्हती. पण मशीन बसवणाऱ्या इंजिनियरने तपासून बघण्यासाठी 'चाचणी' नावाची एक फाइल करून ठेवली होती, तिच्यात त्यांनी तो फोटो घेतला. वेलांटीच्या पोटात बारीक लाल जाळी दिसली. शेवाळाची चिमूट पडावी एवढीशी.

फोटोबाई डॉक्टर नव्हत्या, पण ती जाळी काय असते हे त्या झोपेतही सांगू शकल्या असत्या. पडद्याला रक्त कमी पडलं की तो आपल्या आपण नव्या वाहिन्या उगवतो. त्यांच्या भिंती कच्च्या असतात, कधी फुटतील याचा नेम नसतो. वेळेवर लेसर केला तर सुकतात. पण 'चाचणी'तले फोटो डॉक्टरांच्या यादीत जातच नाहीत, आणि डॉक्टर तेव्हा शस्त्रक्रियेत होत्या. सोमवारी दाखवू, असं फोटोबाईंनी ठरवलं.

रविवारी संध्याकाळी बाबा म्हणाले, "पानावर कुणी शाई सांडली गं?"

रक्त काढायचं ऑपरेशन झालं, उपयोग झाला नाही. अकरा महिने बाबा अंधारात बसले आणि मग गेले. ते ऑपरेशन फसलं त्याच आठवड्यात डॉक्टर घरी भेटायला आल्या होत्या. वयाने फोटोबाईंहून लहान, हुशार, हळव्या. त्यांनी फोटोबाईंचे हात धरले. "आधीच्या तपासणीत माझ्याच नजरेतून सुटलं असणार. मला माफ करा."

फोटोबाईंनी माफ केलं. म्हणजे, त्या काही बोलल्या नाहीत. तीन वर्षं झाली, तोंडातून ब्र काढला नाही. 'चाचणी' पुन्हा उघडली नाही, आणि केसपेपरशिवाय कुणाचाही फोटो काढायचा नाही, असा कानाला खडा लावला.

३

दुपारी सव्वाला मावशी दारात आल्या. मागे एक चाळिशीची बाई, गळ्यात मोजपट्टी तशीच राहिलेली.

"फोटोबाई, ही माझी नणंद. शाळेचे गणवेश शिवते. आठ दिवस झाले, सुईत दोरा जाईना झालाय. घरचंच माणूस आहे, एक फोटो काढून बघा ना पटकन."

"केसपेपर काढा आधी."

"शनिवारी एकनंतर नवे केसपेपर बंद असतात, तुम्हाला माहीत नाही का? सोमवारी काढू. आत्ता नुसतं बघा."

"नाही म्हणजे नाही, मावशी."

नणंदबाई हसून म्हणाल्या, "जाऊ दे गं वहिनी. चारला मला चाळीस शर्ट द्यायचेत, आणि डाव्या डोळ्याने तसंही कधीपासून धुरकट दिसतं. उजव्यावर चाललंय ना सगळं, चालेल अजून थोडं." बोलताना त्यांनी उजवा डोळा बारीक करून दाराची चौकट चाचपली.

भीड भिकेची बहीण, हे फोटोबाईंना शाळेपासून पाठ होतं. पण ते चाचपणं पाहिलं आणि त्यांच्याने नाही म्हणवेना. त्यांनी दार लावलं. दिवे मालवले. तीन वर्षांनी 'चाचणी' उघडली, आणि आत काय आहे ते बघायला लागू नये म्हणून स्क्रीनच्या कडेकडे पाहत राहिल्या.

"बसा. हनुवटी इथे."

नणंदबाई ठेंगण्या होत्या. पट्टी मात्र निळ्या रेघेपाशी होती. सकाळपासून बारा पेशंट झाले होते, आणि शेवटचा तर दहा वर्षांचा मुलगा होता.

४

फ्लॅश पडला. खोली क्षणभर पांढरी झाली आणि पुन्हा अंधारली.

"छापलं?"

आवाज हळू होता, दातांतल्या दातांत. फोटोबाईंचा हात माउसवर तसाच राहिला. "छाप..." एवढं त्यांच्या तोंडून निघालंही होतं, सवयीने. उरलेला शब्द त्यांनी गिळला.

"काय म्हणालात?"

नणंदबाईंनी मान मागे घेतली. "मी? मी कुठे काय बोलले? तुम्हीच तर म्हणालात, हलायचं नाही, बोलायचं नाही."

कोपऱ्यातल्या स्टुलावर बसलेल्या मावशी पदराने चष्मा पुसत होत्या. त्यांनी काही ऐकल्याचं दिसलं नाही.

स्क्रीनवर फोटो आला होता. मशीनला एक सवय होती. नवा फोटो आला की ते फाइलमधला सगळ्यात पहिला फोटो शेजारी आणायचं आणि दोन्हींच्या वाहिन्या एकावर एक ठेवून बघायचं. डोळा तोच असेल तर हिरवी खूण, दुसरा असेल तर लाल. पेशंटची अदलाबदल होऊ नये म्हणून ती सोय होती. 'चाचणी'मध्ये आधीचा फोटो एकच होता, तीन वर्षांपूर्वीचा, आणि खूण लालच यायला हवी होती.

ती हिरवी आली.

फोटोबाईंनी चष्मा वर केला, खाली केला. डावीकडे बाबांचा डोळा. उजवीकडे, दोन मिनिटांपूर्वीची वेळ असलेला, दुसरा फोटो. त्यातही चकतीतून निघालेली शीर वर चढून वळली होती. दुसरी वेलांटी, आणि तिच्या पोटात शेवाळाची तेवढीच चिमूट. त्यांच्या पाचावर धारण बसली.

५

मन चिंती ते वैरी न चिंती. म्हणून फोटोबाईंनी मनाला बाजूला बसवलं आणि डोक्याला कामाला लावलं.

जुनाच फोटो दोनदा उघडला असेल. नाही, वेळ आजची होती. मशीन बिघडलं असेल. "मावशी, जरा तुम्ही बसा बघू इथे." मावशी बसल्या, फ्लॅश पडला, त्यांचा डोळा आला आणि शेजारी लाल खूण आली. म्हणजे मशीनला नाही म्हणता येत होतं. फोटोबाईंनी तो फोटो पुसून टाकला. "आता पुन्हा तुम्ही." नणंदबाई बसल्या. खूण हिरवी. दोन वेळा केलं, दोन्ही वेळा हिरवी.

बाबांनी नेत्रदान केलं होतं का? केलं नव्हतं. आणि केलं असतं तरी डोळ्यापुढची काचेसारखी चकती तेवढी दुसऱ्याला बसवतात, मागचा पडदा नाही. नात्याचं म्हणावं तर मावशींच्या नणंदेचा आणि बाबांचा संबंध काय?

"काय हो, एवढं काय दिसतंय?" मावशींनी विचारलं. त्यांच्या आवाजातली थट्टा गेली होती.

"तुमचे वडील काय करायचे?" फोटोबाईंनी नणंदबाईंना विचारलं.

"ट्रक चालवायचे. का हो?"

"काही नाही. उंच होते?"

"माझ्याएवढेच. बसमध्ये चढायचं म्हटलं तरी उडी मारायचे." नणंदबाई उठल्या, मोजपट्टी नीट केली. "बरं, मी निघते. सोमवारी येते रीतसर, केसपेपर काढून. चालेल ना?"

सोमवारी.

जाऊ द्यायला काय हरकत होती? मशीनची चूक असेल तर सोमवारी कळेलच. चूक नसेल, तर या बाईला थांबवून डॉक्टरांना बोलवायला हवं होतं. आणि डॉक्टर फोटो बघायला आल्या की 'चाचणी' उघडावी लागणार, डावीकडे तो फोटो येणार, त्याच्याखाली तारीख असणार. तीन वर्षं डॉक्टर ज्यासाठी स्वतःला बोल लावत होत्या, ते त्या तारखेत लिहिलेलं होतं. नोकरी जाईल. त्याहून वाईट म्हणजे डॉक्टर एकदा त्यांच्याकडे बघतील, आणि ते बघणं फोटोबाईंना जन्मभर पुरेल.

नणंदबाईंचा हात दाराच्या कडीवर होता. कडी जिथे होती तिच्या वीतभर डावीकडे त्या तिला शोधत होत्या.

मागे हनुवटीच्या पट्टीचं चाक किरकिरलं. अगदी थोडं, अर्धा वेढा. फोटोबाईंनी मागे वळून पाहिलं नाही.

"थांबा," त्या म्हणाल्या. "सोमवार नको. शर्टांचं काय व्हायचं ते होऊ दे."

६

डॉक्टर अडीच वाजता शस्त्रक्रियेतून बाहेर आल्या. मास्क हनुवटीखाली ओढून त्यांनी चहाचा कप उचलला होता.

"एक फोटो बघायचाय. केसपेपर नाही," फोटोबाई म्हणाल्या.

"तुम्ही? केसपेपरशिवाय?" डॉक्टर हसल्या. मग त्यांनी फोटोबाईंचा चेहरा पाहिला, कप खाली ठेवला आणि मागोमाग अंधाऱ्या खोलीत आल्या.

"दोन आहेत. कुठला बघू?"

"उजवीकडचा."

डॉक्टर वाकल्या. काही क्षणांतच त्यांचा आवाज बदलला. "या नव्या वाहिन्या आहेत. चकतीच्या अगदी कडेला. पेशंट इथे आहे ना? थेंब घाला, मी स्वतः बघते, आजच लेसर करू. सोमवारपर्यंत हा डोळा राहिला असता की नाही, मी सांगू शकत नाही." मग त्यांनी खालची हिरवी खूण पाहिली. "आणि मशीन या दोन्हींना एकच डोळा म्हणतंय? काहीतरीच. वाहिन्या बघा, कुठे ही आणि कुठे ती. इंजिनियरला बोलवा."

फोटोबाईंनी पाहिलं. खरंच होतं. उजवीकडच्या फोटोत ती शीर सरळ वर गेली होती, कुठेही न वळता. वेलांटी एकाच डोळ्यात होती, डावीकडच्या. दोन्हींत सारखी होती ती फक्त शेवाळाची चिमूट, त्याच जागी, तेवढीच. हिरवी खूण मात्र गेली नव्हती.

"डावीकडचा कुणाचा?" डॉक्टरांनी विचारलं.

"माझ्या बाबांचा."

डॉक्टरांनी तारीख वाचली. मग पुन्हा वाचली.

"शनिवार," त्या म्हणाल्या. "शाई सांडली, म्हणाले होते ना ते, रविवारी?"

"हो. मी पाहिलं होतं. सोमवारी दाखवणार होते." फोटोबाईंनी स्क्रीनवरच्या तारखेवर बोट ठेवलं. "तुमच्या नजरेतून काही सुटलं नव्हतं, डॉक्टर. तुम्हाला दिसावं असं मी ठेवलंच नव्हतं. आणि मग तुम्ही माफी मागितलीत, तरी मी गप्प बसले."

"तीन वर्षं मी प्रत्येक फोटो दोनदा बघते," डॉक्टर म्हणाल्या. "घरी गेल्यावरही डोळ्यांपुढे घेऊन बघते. मला तुमच्यावर खूप रागवायचंय, फोटोबाई. पण आत्ता लेसर करायचाय आणि हात स्थिर हवा. आधी ती बाई. तुम्ही तिच्याजवळ बसा, ती घाबरेल."

दारातून त्या वळल्या. "आणि तो फोटो त्यांच्या स्वतःच्या फाइलमध्ये जाऊ दे. तारखेसकट."

७

साडेतीन ते सव्वाचार फोटोबाई लेसरच्या खोलीत नणंदबाईंचा हात धरून बसल्या होत्या. मावशी बाहेर होत्या, शर्ट पोचवायला कुणाला तरी फोन करून झापत होत्या. अंधारी खोली कुलूपबंद होती आणि किल्ली फोटोबाईंच्या मुठीत होती. हे सगळं त्यांनी नंतर मनाशी पुन्हा पुन्हा तपासलं, बाबा मुद्रित तपासत तसं, एकेका अक्षरावर बोट ठेवून.

लेसर नीट झाला. डॉक्टर म्हणाल्या, वेळेत आलात, सुई-दोरा बंद होणार नाही. मावशींना हुंदका आला, आणि तो लपवायला त्या नणंदेवरच ओरडल्या.

साडेचारला फोटोबाईंनी कुलूप उघडलं. दिवा लावला नाही. बाबांचा फोटो हलवायचा, मशीन बंद करायचं आणि घरी जायचं, एवढंच ठरवलं होतं. त्यांनी 'चाचणी' उघडली. पहिला बाबांचा. मग नणंदबाईंचे तीन, एकानंतर एक.

त्यांच्याखाली आणखी एक होता. वेळ तीन बावन्न.

त्यांनी तो उघडला. उजवा डोळा. चकती. चकतीतून निघालेली शीर, वर चढून वळलेली. दुसरी वेलांटी, कुणीही मार्क कापणार नाही इतकी स्पष्ट. तिच्या पोटात शेवाळाचा मागमूस नव्हता. आणि सगळ्या पडद्यावर कडेकडेने, ओळीने मांडल्यासारखे, लेसरचे ताजे पांढरट ठिपके होते. बाबांच्या डोळ्याला कधीच न मिळालेले.

खाली हिरवी खूण होती.

पलीकडे, अंधारात, मशीनच्या त्या बाजूच्या स्टुलावर वजन हललं. स्टूल जुनं होतं, करकरायचं. पट्टी निळ्या रेघेपाशी होती, आणि तिच्यावरचा कागद मधोमध किंचित दबलेला होता, कुणीतरी हनुवटी टेकवून वाट बघत असल्यासारखा. फोटोबाईंच्या अंगावर सर्रकन काटा आला. पळून जावंसं वाटलं. पाय उचलेनात, आणि भीतीच्याही खालून रडू आलं, लहानपणी यायचं तसं, आवाज करून.

मग त्यांनी डोळे पुसले, कारण कुणालातरी उठायचं होतं आणि त्यांच्या उत्तराशिवाय तो उठणार नव्हता.

"छापलं, बाबा," त्या म्हणाल्या.

स्टूल पुन्हा एकदा करकरलं. पट्टीवरचा कागद हळूहळू सरळ झाला.

८

इंजिनियर येऊन गेला. 'चाचणी'त त्याला नणंदबाईंचे तीनच फोटो दिसले; बाबांचा त्यांच्या फाइलमध्ये गेला होता आणि तीन बावन्नचा कुठेच नव्हता. मशीन ठणठणीत असल्याचं लिहून देऊन तो गेला. डॉक्टर दोन आठवडे फोटोबाईंशी कामापुरतंच बोलल्या. तिसऱ्या आठवड्यात एका दुपारी चहाचा कप घेऊन अंधाऱ्या खोलीत आल्या, दुसरा कप फोटोबाईंपुढे ठेवला आणि म्हणाल्या, "काल रात्री झोप लागली." एवढंच बोलून त्या गेल्या.

मधल्या त्या पहिल्या सोमवारी सकाळी फोटोबाई कुलूप उघडून आत आल्या होत्या, तेव्हा हनुवटीची पट्टी खालीच होती. शनिवारी निघताना ठेवली होती तिथेच, तसूभरही न हललेली. बरं वाटायला हवं होतं. त्या जरा वेळ तशाच उभ्या राहिल्या. मग चाक फिरवून त्यांनी पट्टी स्वतःच निळ्या रेघेपर्यंत वर नेली, कागद बदलला, पुन्हा खाली आणली आणि पहिल्या पेशंटला हाक मारली.